लालबागेतला ठराव आणि अकरा न्यायमूर्ती

1969 च्या जुलैमध्ये काँग्रेस महासमितीचे अधिवेशन बंगळूरला, लालबागेतल्या काचघरात भरले. लोखंड आणि काचेची ही देखणी इमारत एरवी फुलांच्या प्रदर्शनासाठी ओळखली जाते. यजमानपद म्हैसूर राज्याचे मुख्यमंत्री वीरेंद्र पाटील यांच्याकडे होते. पक्षाध्यक्ष एस. निजलिंगप्पा हे त्यांच्या आधीचे मुख्यमंत्री, म्हणजे तेही घरचेच. दोन वर्षांपूर्वीच्या निवडणुकीत काँग्रेस लोकसभेत 283 जागांवर आली होती आणि अनेक राज्ये हातची गेली होती. पक्ष पंतप्रधानांनी चालवायचा की संघटनेतल्या ज्येष्ठांनी, हा वाद आता झाकला जाण्यासारखा राहिला नव्हता. या ज्येष्ठांच्या गटाला वर्तमानपत्रे ‘सिंडिकेट’ म्हणत.

पंतप्रधान इंदिरा गांधी कार्यकारिणीच्या पहिल्या दिवशी आल्या नाहीत. त्यांचे एक टिपण मात्र आले. ते फक्रुद्दीन अली अहमद यांनी मांडले. सहज सुचलेले काही विचार, असा त्याचा वरवरचा सूर होता. आत मात्र देशातल्या पाच-सहा सर्वांत मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण करावे, नाहीतर बँकांचा पैसा जास्तीत जास्त सार्वजनिक कामाकडे वळवावा, अशी सूचना होती. उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री मोरारजी देसाई यांना हे अजिबात पटणारे नव्हते. बँका खासगीच राहू द्याव्यात, पण त्यांच्या संचालक मंडळांवरची उद्योगपतींची पकड सैल करावी, असा त्यांचा मार्ग होता. ‘सामाजिक नियंत्रण’ नावाचा त्यांचा कायदा 1 फेब्रुवारी 1969 पासून लागूही झाला होता. त्याला जेमतेम साडेपाच महिने झाले होते. गृहमंत्री यशवंतराव चव्हाणांनी मध्यस्थी केली आणि टिपणाच्या दिशेने पावले टाकावीत असा ठराव झाला. त्यात कधी आणि कसे याचा उल्लेख नव्हता. ठराव मोरारजींनाही चालला.

पण त्याच मुक्कामात 12 जुलैला पक्षाच्या संसदीय मंडळाने राष्ट्रपतिपदासाठी नीलम संजीव रेड्डी यांचे नाव चार विरुद्ध दोन मतांनी ठरवले. इंदिरा गांधींना जगजीवनराम हवे होते. रेड्डींच्या बाजूने पडलेल्या चार मतांत कामराज आणि मोरारजींबरोबर दोन मराठी मते होती, स. का. पाटील यांचे आणि चव्हाणांचे. पंतप्रधानांच्या टिपणासाठी समेट घडवणाऱ्या माणसाने त्याच अधिवेशनात त्यांच्याविरुद्ध मत दिले. चव्हाणांच्या राजकारणाबद्दल महाराष्ट्रात जे वाद आजही रंगतात, त्यांची मुळे शोधताना बंगळूरच्या या मुक्कामाकडे पाहावेच लागते.

पुढच्या आठ दिवसांत सगळे वेगाने घडले. 16 जुलैला पंतप्रधानांनी मोरारजींकडून अर्थखाते काढून घेतले. मोरारजींनी उपपंतप्रधानपदही सोडले. 19 जुलै, शनिवार. सोमवारी संसदेचे अधिवेशन सुरू होणार होते आणि उपराष्ट्रपती आणि हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी स्वतः निवडणूक लढवण्यासाठी दुसऱ्याच दिवशी राजीनामा देणार होते. म्हणजे वटहुकूम काढायचा तर त्याच दिवशी काढायला हवा होता. अर्थ मंत्रालयातल्या आणि रिझर्व्ह बँकेतल्या मोजक्या अधिकाऱ्यांनी मसुदा तयार केला, संध्याकाळी मंत्रिमंडळाची मंजुरी झाली, गिरींची सही झाली आणि रात्री साडेआठला आकाशवाणीवर पंतप्रधानांनी घोषणा केली. 50 कोटी रुपयांहून अधिक ठेवी असलेल्या 14 खासगी भारतीय बँका सरकारच्या मालकीच्या झाल्या.

या निर्णयामागे राजकारण होते, हे लपवण्यासारखे नाही. पण नुसते राजकारण होते असे म्हणणेही अन्यायाचे होईल. 1967 साली बँकांनी दिलेल्या एकूण कर्जात शेतीचा वाटा सुमारे 2.2 टक्के होता, आणि देशातली बहुसंख्य माणसे शेतीवर जगत होती. ठेवी शहरातून आणि तालुक्याच्या गावांतून गोळा व्हायच्या आणि कर्ज बड्या उद्योगघराण्यांकडे जायचे, कारण त्याच घराण्यांची माणसे बँकांच्या संचालक मंडळांवर बसत. 1969 च्या मध्याला देशात बँकांच्या सव्वाआठ हजारांच्या आसपास शाखा होत्या आणि त्यांतल्या फार तर पाव शाखा ग्रामीण भागात होत्या. शेतकऱ्याला सावकाराशिवाय दार नव्हते.

तरीही 50 कोटींच्या त्या रेषेने सगळ्या बँका एका मापाने मोजल्या, आणि ही गोष्ट कर्नाटकात विशेष जाणवते. टाटा किंवा बिर्ला घराण्यांशी नाव जोडलेल्या बँका एकीकडे होत्या. दुसरीकडे दक्षिण कन्नडच्या किनाऱ्यावर जन्मलेल्या कॅनरा आणि सिंडिकेट या बँका. कॅनरा बँक मंगळूरमधले वकील अम्मेंबळ सुब्बराव पै यांनी 1906 मध्ये एका हिंदू कायम फंडाच्या रूपात सुरू केली. सिंडिकेट बँक 1925 मध्ये उडुपीला निघाली, ती हातमागावरच्या विणकरांचा धंदा बसल्यावर त्यांना हात देण्यासाठी. डॉ. टी. एम. ए. पै यांच्यासह तिघांनी ती सुरू केली, भांडवल अवघे आठ हजार रुपये. तिच्याच माणसांनी 1928 मध्ये दारोदार फिरून रोज दोन-दोन आणे गोळा करायला सुरुवात केली. आज महाराष्ट्रातल्या प्रत्येक बाजारपेठेत दुपारच्या वेळी दुकानादुकानांतून पावत्या फाडत फिरणारा पिग्मी एजंट दिसतो. ती पद्धत मूळची सिंडिकेट बँकेची. पुण्यात 1935 साली नोंदवलेली बँक ऑफ महाराष्ट्र हीदेखील मध्यमवर्गीय मराठी माणसांनी उभी केलेली संस्था होती. या तिन्ही बँका त्या 14 मध्ये गेल्या. गरिबापर्यंत बँक नेण्याचे काम ज्यांनी आधीच सुरू केले होते, त्यांनाही गरिबांसाठी बँक ताब्यात घेण्याच्या कायद्याने गाठले.

राष्ट्रीयीकरणाचा हा वाद लवकरच न्यायालयात गेला. बँक, सत्ताधीश आणि न्यायालय यांची अशीच ओढाताण अमेरिकेत त्याआधी जवळजवळ दीडशे वर्षे झाली होती, फक्त दिशा उलटी होती. तिथे 1816 साली संसदेने वीस वर्षांच्या सनदेवर एक राष्ट्रीय बँक स्थापली. तिचे 20 टक्के भाग सरकारचे आणि उरलेले खासगी भागधारकांचे. मेरीलँड राज्याने तिच्यावर कर लावला तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांच्या न्यायालयाने 1819 मध्ये निकाल दिला की बँक घटनेला धरून आहे आणि राज्याला तिच्यावर कर लावता येणार नाही. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना बँकांचा आणि कागदी पैशाचा जुना राग होता. तरुणपणी त्यांनी जमीन विकून एका व्यापाऱ्याच्या हुंड्या घेतल्या होत्या. तो व्यापारी बुडाला आणि त्या हुंड्यांची देणी जॅक्सन यांच्या गळ्यात पडली. राष्ट्रीय बँकेत त्यांना मूठभर श्रीमंतांच्या हातातली, जनतेला जबाबदार नसलेली ताकद दिसत होती. 10 जुलै 1832 रोजी त्यांनी सनदेच्या नूतनीकरणाचे विधेयक नकाराधिकार वापरून परत पाठवले. सोबतच्या संदेशातला युक्तिवाद महत्त्वाचा होता. न्यायालयाने बँक घटनेत बसते म्हटले असेल, पण राष्ट्राध्यक्ष आणि संसद यांनीही घटनेची शपथ घेतलेली असते आणि त्यांना घटनेचा अर्थ आपापल्या समजुतीने लावता येतो, असे जॅक्सन यांचे म्हणणे होते.

त्याच वर्षी जॅक्सन प्रचंड मताधिक्याने पुन्हा निवडून आले. मग त्यांनी सरकारी पैसा त्या बँकेत ठेवणे थांबवायचे ठरवले. अर्थमंत्री विल्यम ड्युएन यांनी नकार दिला, तेव्हा 1833 मध्ये त्यांना काढून टाकले. त्यांच्या जागी रॉजर टॅनी यांना आणले. नकाराच्या संदेशाच्या मसुद्यात याच टॅनींचा मोठा हात होता. 1836 मध्ये, मार्शल यांच्या निधनानंतर, टॅनी सरन्यायाधीश झाले. अर्थमंत्री बदलणे आणि न्यायासनावर आपल्या विचाराचा माणूस बसवणे या दोन्ही गोष्टी दिल्लीतही पुढे घडल्या.

दिल्लीतल्या खटल्याला तोंड फुटायला दोन दिवसही लागले नाहीत. रुस्तम कावसजी कूपर हे व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट, सेंट्रल बँकेचे संचालक, काही बँकांचे भागधारक आणि स्वतंत्र पक्षाचे सरचिटणीस. त्यांनी 21 जुलैला सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. दुसऱ्याच दिवशी न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन सरकारला काही बाबतींत थांबवले. तोवर संसदेने वटहुकुमाच्या जागी कायदा आणण्याचे काम हाती घेतले होते.

इथे एक विलक्षण योग जुळून आला. गिरींनी राजीनामा दिल्यावर राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती ही दोन्ही पदे रिकामी झाली, म्हणून सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला हंगामी राष्ट्रपती झाले. 9 ऑगस्टला बँक राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यावर राष्ट्रपती म्हणून सही केली ती त्यांनी. देशाच्या सर्वोच्च न्यायाधीशाची सही असलेला कायदा त्याच न्यायालयापुढे तपासणीला आला. हिदायतुल्ला अर्थातच घटनापीठावर बसले नाहीत. न्या. जे. सी. शहा यांच्या अध्यक्षतेखाली अकरा न्यायमूर्तींचे पीठ बसले. कूपर यांची बाजू नानी पालखीवाला यांनी मांडली.

याच काळात झालेल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत गिरी जिंकले, रेड्डी हरले आणि तिसऱ्या क्रमांकावर चिंतामणराव देशमुख राहिले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर केंद्रीय मंत्रिपद सोडणारे सी. डी. देशमुख. 1955 मध्ये ते अर्थमंत्री असताना इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली होती. तेव्हा देशाची सर्वांत मोठी बँक सरकारकडे आली, पण अशी धांदल झाली नाही, मध्यरात्रीचे मसुदे निघाले नाहीत. तयारी करून, संसदेत चर्चा करून ते काम झाले होते. 1969 ची घाई अपरिहार्य होती असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवायला हवे.

10 फेब्रुवारी 1970 रोजी निकाल लागला. दहा विरुद्ध एक. न्या. अजितनाथ रे एकटे सरकारच्या बाजूने. बहुमताने एक गोष्ट सरकारच्या पदरात टाकली: बँका ताब्यात घेण्याचा कायदा करायचा अधिकार संसदेला आहे आणि ते धोरण चांगले की वाईट, हे न्यायालय ठरवणार नाही. पण कायदा टिकला नाही, आणि त्याची कारणे अगदी हिशेबाच्या वहीतली होती. कायद्याने या 14 कंपन्यांना बँकेचा धंदा करायला बंदी घातली, बाकीच्या भारतीय आणि परदेशी बँकांना मात्र मोकळीक होती. दुसरा कुठला धंदा करा, असे त्यांना कागदावर सांगितले होते. पण इमारती, कर्मचारी, पैसा, सगळेच सरकारकडे गेल्यावर धंदा करायचा कशाने? नुकसानभरपाई ठरवताना गुडविलची किंमत धरली नव्हती, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यांची किंमतही नीट धरली नव्हती. वर्षानुवर्षे विश्वासाने ठेवी ठेवणारे गिऱ्हाईक ही बँकेची खरी मिळकत, आणि तीच मोजायची राहिली होती. शिवाय भरपाई रोखीत मिळणार नव्हती, दहा वर्षांच्या आत न वटणाऱ्या सरकारी रोख्यांत मिळणार होती. न्यायालयाने म्हटले की अशा मोजणीला घटनेच्या अर्थाने नुकसानभरपाई म्हणता येत नाही.

चार दिवसांनी, 14 फेब्रुवारीला, नवा वटहुकूम निघाला. या वेळी मोजणीची पद्धत लिहिण्याच्या भानगडीत सरकार पडले नाही. प्रत्येक बँकेपुढे थेट आकडा लिहिला. सेंट्रल बँक 17 कोटी 50 लाख, बँक ऑफ इंडिया 14 कोटी 70 लाख, कॅनरा आणि सिंडिकेट प्रत्येकी 3 कोटी 60 लाख, बँक ऑफ महाराष्ट्र 2 कोटी 30 लाख. चौदा आकड्यांची बेरीज 87 कोटी 40 लाख. रोख हप्त्यांत घ्या किंवा रोख्यांत घ्या, असा पर्यायही दिला. संसदेने त्याचा कायदा केला आणि तो 19 जुलै 1969 पासून लागू झाल्याचे धरले. बँका सरकारकडेच राहिल्या. त्याच वर्षीच्या जूनमध्ये अर्थमंत्रिपद यशवंतराव चव्हाणांकडे आले आणि या बँकांचा कारभारही त्यांच्या खात्याखाली आला.

जॅक्सन आणि इंदिरा गांधी यांच्यातला फरक इथे दिसतो. जॅक्सन यांच्या कारकिर्दीत, 1832 च्याच मार्चमध्ये, न्यायालयाने चेरोकी लोकांच्या भूमीवर जॉर्जिया राज्याचे कायदे चालणार नाहीत असा निकाल दिला होता. जॉर्जियाने तो मानला नाही आणि राष्ट्राध्यक्षांनी तो मानायला लावण्यासाठी बोटही उचलले नाही. मार्शलनी निकाल दिला, आता त्यांनीच तो अमलात आणावा, हे जॅक्सन यांच्या तोंडी घातले जाणारे वाक्य त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी पुस्तकात आले. ते बोलले असतील की नाही याबद्दल इतिहासकारांना शंका आहे. पण काही वर्षांत हजारो चेरोकी माणसे घरातून हाकलली गेली आणि वाटेत मेली, याबद्दल शंका नाही. भारतात सरकारने निकाल धुडकावला नाही. तो पाळला, त्यातल्या चुका दुरुस्त केल्या आणि भागधारकांना पैसे दिले. इथपर्यंतची वागणूक लोकशाहीला शोभणारी होती आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

पुढची वाट मात्र बदलली. 1970 च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने संस्थानिकांचे तनखे बंद करण्याचा राष्ट्रपतींचा आदेशही रद्द केला. 1971 च्या निवडणुकीत 352 जागा मिळाल्यावर सरकारने थेट घटनेलाच हात घातला. पंचविसाव्या दुरुस्तीने मालमत्तेच्या कलमातली ‘नुकसानभरपाई’ काढून तिथे नुसती ‘रक्कम’ घातली. ती पुरेशी आहे का, हे न्यायालयाने विचारायचे नाही. कूपर खटल्याला दिलेले हे सरळ उत्तर होते. 24 एप्रिल 1973 रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींनी सात विरुद्ध सहा मतांनी सांगितले की घटना दुरुस्त करता येईल, पण तिची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आकाशवाणीने नव्या सरन्यायाधीशांचे नाव सांगितले: अजितनाथ रे. कूपर खटल्यात एकटे सरकारच्या बाजूने राहिलेले तेच. त्यांच्याहून ज्येष्ठ असलेले शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर हे तिघे डावलले गेले, आणि तिघांनीही राजीनामे दिले. 1970 च्या बहुमतात हे तिघेही होते. निकाल न पटल्यास कायदा बदलणे हा संसदेचा हक्क आहे. निकाल देणाऱ्याची बढती रोखणे हा कुणाचाच हक्क नाही, आणि त्या संध्याकाळी न्यायव्यवस्थेला बसलेला धक्का बँकांच्या कुठल्याही फायद्याच्या हिशेबात वळता करता येत नाही.

या तिघांतले कौडूर सदानंद हेगडे दक्षिण कन्नडचे, म्हैसूर उच्च न्यायालयातून दिल्लीला गेलेले. आणीबाणीनंतर 1977 मध्ये ते जनता पक्षाच्या तिकिटावर बंगळूर दक्षिण मतदारसंघातून लोकसभेत निवडून आले. त्याच वर्षी लोकसभेचे अध्यक्ष असलेले नीलम संजीव रेड्डी राष्ट्रपती झाले आणि त्यांच्या रिकाम्या झालेल्या अध्यक्षपदावर हेगडे बसले. आणीबाणीतल्या अत्याचारांची चौकशी न्या. जे. सी. शहा यांच्या आयोगाकडे गेली. पंतप्रधान होते मोरारजी देसाई. गंमत अशी की मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढून टाकणारी चव्वेचाळिसावी दुरुस्ती मोरारजींच्याच सरकारने केली. कूपर यांनी ज्या कलमावर नुकसानभरपाईचा वाद जिंकला, ते कलमच त्यामुळे नाहीसे झाले.

तरीही कूपर खटला जिवंत राहिला, तो निकालातल्या दुसऱ्या भागामुळे. 1950 च्या गोपालन खटल्यापासून न्यायालय मूलभूत हक्कांकडे वेगवेगळ्या बंद कप्प्यांसारखे पाहत होते. एका हक्काखाली कायदा बसला की दुसऱ्या हक्काच्या कसोटीवर तो घासायचा नाही. कायद्याचा हेतू काय, एवढेच विचारायचे. कूपर खटल्यात बहुमताने हे फेटाळले. हेतू काहीही असो, कायद्याचा माणसाच्या हक्कावर परिणाम काय होतो ते पाहायचे, आणि हक्क एकमेकांत मिसळलेले आहेत असे धरायचे. 1978 मध्ये मनेका गांधींच्या पासपोर्टच्या खटल्यात हाच विचार जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काला लागू झाला.

2012 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी वयाच्या ऐंशीच्या पुढे आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, असे सरकारचे म्हणणे होते. त्यासाठी सरकार 1954 आणि 1962 च्या दोन जुन्या निकालांचा दाखला देत होते. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तो दावा फेटाळला. जुने निकाल ज्या कप्पेबंद विचारावर उभे होते, तो विचारच 1970 साली कूपर खटल्यात मोडीत निघाला आहे, हे त्यांच्या युक्तिवादातले एक मोठे कारण होते. बँकांच्या एका भागधारकाने आपल्या भागांच्या किमतीसाठी लढवलेला खटला असा देशातल्या प्रत्येक माणसाच्या खासगीपणाच्या कामी आला.